परदेशातील व्यावसायिक गेमिंग: करार आला आहे, सही करावी का?

रेवती_क (धागाकर्ती)

माझा भाचा 17 वर्षांचा आहे. पाच-पाच जणांच्या संघांनी खेळायच्या एका शूटर खेळात तो ज्या पातळीला पोहोचला आहे ती मला नीटशी कळत नाही. परंतु युरोपातील एका संघाने ऑनलाइन चाचणी घेऊन त्याला आपल्या दुय्यम चमूसाठी बोलावले आहे, एवढे खरे. करार ईमेलने आला आहे. राहण्याची सोय संघाची, दरमहा ठरावीक मानधन, बक्षिसांत वाटा आणि मुदत दोन वर्षे, असे त्याचे स्वरूप आहे. माझी बहीण त्याला पाठवायला तयार आहे, भावोजी तयार नाहीत, आणि दोघेही निर्णयासाठी माझ्याकडे पाहत आहेत.

ज्यांनी हे क्षेत्र जवळून पाहिले आहे त्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात. चकचकीत व्हिडिओंच्या पलीकडे तेथील आयुष्य कसे असते? आणि सही करण्यापूर्वी आम्ही नेमके काय तपासावे? 'मुलाचे स्वप्न मोडू नका' आणि 'आधी शिक्षण पूर्ण होऊ द्या' ही दोन्ही उत्तरे घरात मुबलक मिळाली आहेत, त्यामुळे ती कृपया नकोत.

पिंगबहाद्दर

पहिला प्रतिसाद देण्याचा मान घेतो. भाच्याला स्वतःचे कपडे धुता येतात का, हे आधी तपासावे. त्याची नेमबाजी त्यानंतर. विनोद सोडल्यास धागा महत्त्वाचा आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

पाचवा_खेळाडू

पिंगबहाद्दर यांनी विनोदाने लिहिले असले, तरी आमच्या घरात सर्वाधिक भांडणे कपडे धुण्याच्या यंत्रावरून आणि त्याखालोखाल इंटरनेटवरूनच होत असत. मी परदेशातील एका संघात काही काळ राखीव खेळाडू होतो. संघाचे आणि देशाचे नाव लिहिणार नाही.

'गेमिंग हाऊस' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे आलिशान बंगला येतो. आमचे घर म्हणजे दिवाणखान्यात एका ओळीत लावलेली सहा टेबले, स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून भरदिवसा ओढून घेतलेले पडदे आणि वरच्या मजल्यावर दोघांत एक खोली. सकाळ अकराला उजाडत असे. दुपारी एक ते चार दुसऱ्या संघाविरुद्ध सराव सामने, ज्यांना सगळे 'स्क्रिम' म्हणतात; मग त्यांचे रेकॉर्डिंग थांबवत थांबवत पाहून कोण कोठे कमी पडला याची चिरफाड; संध्याकाळी सहा ते नऊ पुन्हा स्क्रिम; आणि त्यानंतर ज्याने त्याने एकट्याने क्रमवारीचे सामने खेळायचे, कारण क्रमवारी घसरली की कोच जाब विचारत असे. झोपायला दोन-अडीच वाजत. आठवड्यातून एक दिवस सुटी असे करारात लिहिलेले होते, परंतु स्पर्धा जवळ आली की त्या दिवशी 'ऐच्छिक सराव' ठेवला जाई, आणि ऐच्छिक या शब्दाचा अर्थ नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मला सर्वांत जड गेली ती भाषा. माझे इंग्रजी चांगले होते, पण खेळातील बोलणे वाक्यांचे नसते. नकाशावरच्या प्रत्येक कोपऱ्याला संघाने आपापले नाव दिलेले असते, समोरच्याला किती मार बसला आहे ते एका आकड्यात सांगायचे असते, आणि हे सारे चार जण एकाच वेळी बोलत असताना अर्ध्या सेकंदात उरकायचे असते. मी माहिती अचूक देत असे. फक्त ती देऊन होईपर्यंत चकमक संपलेली असे. हेडफोन उतरवले की बाकीचे आपल्या भाषेत गप्पा मारत आणि मी फोनमध्ये डोके घालून बसत असे.

मला काढल्याचे कोणी येऊन सांगितले नाही. एका सकाळी संघाच्या डिस्कॉर्डवरील, म्हणजे गटाने बोलण्याच्या अ‍ॅपवरील, सरावाचा कप्पा मला दिसेनासा झाला. मॅनेजर दुपारी उठल्यावर बोलला, तोवर मला कळून चुकले होते. त्या देशात राहण्याचा माझा परवाना त्या नोकरीशीच बांधलेला असल्यामुळे नोकरीबरोबर मुक्कामाचीही मुदत मोजली जाऊ लागली. रेवतीताई, दमछाक आणि स्पर्धा भाचा निभावून नेईल. परंतु त्याला काढण्याचा अधिकार आणि त्याचा परवाना या दोन्हींच्या दोऱ्या एकाच हातात असणार आहेत, हे घरच्यांनी पुरते ध्यानात घ्यावे.

तर्कट

वरील अनुभव वाचून सहानुभूती वाटली, तरी यात गेमिंगचे वेगळेपण कोणते ते समजले नाही. परदेशी गेलेल्या फुटबॉलपटूला, नर्तकाला किंवा संगणक अभियंत्यालाही नोकरी गेली की गाशा गुंडाळावाच लागतो. परक्या भाषेत एकटे पडणे हा स्थलांतराचा सार्वत्रिक अनुभव आहे. दुसरीकडे, 2019 मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या फोर्टनाइट विश्वचषकात 'बुघा' या नावाने खेळणाऱ्या काइल गिअर्सडॉर्फने वयाच्या सोळाव्या वर्षी 30 लाख डॉलर जिंकले. पाकिस्तानात वाढलेला सुमैल हसन 2015 मध्ये सोळाव्या वर्षीच डोटा 2 या खेळाच्या 'द इंटरनॅशनल' स्पर्धेतील विजेत्या संघात होता. इतक्या लहान वयात अशी संधी आणखी कोणत्या क्षेत्रात मिळते? जोखीम आहे म्हणून दारच बंद करायचे, ही आपली जुनी खोड आहे.

जुनाखेळ

तर्कट यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, परंतु ती या धाग्याला लागू पडत नाहीत. बुघा अमेरिकन असून तो अमेरिकेतच जिंकला. सुमैल आपल्या कुटुंबासह अमेरिकेत राहायला गेला होता आणि तेथील स्थानिक सामन्यांतून त्याचे नाव पुढे आले. म्हणजे संघाने काढले असते, तर तो रात्री घरीच जेवला असता. रेवती_क यांच्या भाच्याच्या मागे असे घर तेथे नाही.

बक्षिसांच्या आकड्यांविषयीही थोडे लिहितो, कारण नातेवाइकांना तेच आकडे दाखवले जातात. 2021 मध्ये बुखारेस्ट येथे झालेल्या 'द इंटरनॅशनल'ची एकूण बक्षीस रक्कम 4 कोटी डॉलर होती आणि त्यांतील सुमारे 1.8 कोटी एकट्या विजेत्या टीम स्पिरिटला मिळाले. दोनच वर्षांनी, 2023 मध्ये, त्याच स्पर्धेची एकूण रक्कम 30 लाख डॉलरच्या थोडी पुढे होती. खेळ तोच, कौशल्य तेच, सरावाचे तासही तेच. फरक एवढाच की आधीची रक्कम खेळणाऱ्यांना विकल्या जाणाऱ्या 'बॅटल पास' नावाच्या पासच्या विक्रीतील 25 टक्के वाट्यावर फुगत असे आणि ती विक्री कंपनीने बंद केली. फुटबॉल हा खेळ कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. येथे खेळच एका कंपनीच्या मालकीचा असतो.

तर्कट यांना वेगळेपण हवे होते, ते हे. डिसेंबर 2018 मध्ये ब्लिझार्ड कंपनीने 'हीरोज ऑफ द स्टॉर्म'ची व्यावसायिक लीग पुढील वर्षी होणार नाही असे एका निवेदनाद्वारे जाहीर केले, आणि अनेक खेळाडूंना आपली नोकरी गेल्याचे त्या निवेदनातूनच समजले. फुटबॉलपटूचा क्लब बुडतो, तेव्हा फुटबॉल शिल्लक असतो.

पिंगबहाद्दर

अवांतर वाटेल, पण कोणीतरी विचारण्यापूर्वी सांगतो: घरी बसून खेळता येत नाही का, हा प्रश्न भौतिकशास्त्राने निकालात काढलेला आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. सर्व्हर 7,000 किलोमीटर लांब असेल, तर माहिती जाऊन परत येण्यास किमान 70 मिलिसेकंद लागतात, आणि वाटेतील वळणे धरल्यास त्याहून बरेच अधिक. सर्व्हरच्या शेजारी बसलेला खेळाडू भिंतीआडून बाहेर पडला की त्याला तुम्ही लगेच दिसता आणि तुम्हाला तो क्षणभर अजून दिसलेलाही नसतो. त्यामुळे ऑनलाइन चाचणीत 100 पिंगवर, म्हणजे माहिती जाऊन परत येण्यास 100 मिलिसेकंद लागत असताना, खेळून निवड झाली असेल, तर भाच्याचा हात खरोखरच चांगला असला पाहिजे.

रेवती_क

पिंगबहाद्दर, चाचणीच्या वेळी तो 'पिंग फार आहे' असे सारखे ओरडत होता. मला वाटले, कोणीतरी त्याला त्रास देत आहे.

कलम_कायदा

मी नोकरीविषयक करारांचे काम करतो. खेळांतील काही करार पाहण्यात आले आहेत, त्यावरून लिहितो.

व्हिसा ही या क्षेत्राची जुनी दुखरी नस आहे, कारण अनेक देशांनी आजही हा 'खेळ' आहे की नाही हेच ठरवलेले नाही. कॅनडाच्या डॅनी ले या 'लीग ऑफ लेजंड्स'च्या खेळाडूला 2013 मध्ये अमेरिकेने क्रीडापटूंचा पी-1 व्हिसा दिला, तेव्हा ती बातमी झाली होती. तेवढ्याने दार सर्वांना उघडले नाही. 'लेफेन' या नावाने ओळखला जाणारा स्वीडनचा नामांकित खेळाडू त्यानंतरही अमेरिकेच्या व्हिसासाठी दीर्घकाळ अडकून पडला होता. जुनाखेळ यांनी उल्लेखिलेली 2021 ची स्पर्धा मुळात स्टॉकहोमला व्हायची होती. स्वीडनच्या क्रीडा महासंघाने ईस्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धात्मक गेमिंगला, सदस्यत्व नाकारल्याने खेळाडूंच्या व्हिसाचा प्रश्न उभा राहिला आणि स्पर्धा बुखारेस्टला हलवावी लागली. जेथे 4 कोटी डॉलरच्या स्पर्धेची ही कथा, तेथे दुय्यम चमूतील नवख्या मुलाच्या अर्जाकडे दूतावास किती आस्थेने पाहील, याचा अंदाज बांधता येईल.

युरोपपुरते बोलायचे तर शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतील, अल्पमुदतीच्या मुक्कामाची मर्यादा कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस आहे. काही संघ 'आधी या, कागदपत्रे मागाहून करू' असे सांगून मुलांना याच मुदतीवर बोलावतात. तसे करू नये. जर्मनीने 2020 पासून व्यावसायिक ईस्पोर्ट्स खेळाडूंसाठी दीर्घ मुक्कामाची स्वतंत्र तरतूद केली असून तिच्यात किमान वय 16 आणि किमान वेतनाची अट आहे. इतर देशांचे नियम निराळे आहेत. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: संघ नेमक्या कोणत्या देशात नोंदलेला आहे, मुलगा कोणत्या देशात राहणार आहे, आणि परवान्याचा अर्ज कोणत्या वर्गात, कोणाच्या खर्चाने केला जाणार आहे? या तिन्हींची उत्तरे एकमेकांशी जुळत नसतील, तर पुढे वाचण्याची गरज नाही.

करारातील दुसरी जागा म्हणजे मुदत आणि समाप्ती. मुदत दोन वर्षांची असते, परंतु संघाला महिनाभराच्या नोटिशीने करार संपवता येतो आणि खेळाडूला मात्र 'बायआउट', म्हणजे दुसऱ्या संघाने मोजायची सुटकेची रक्कम, चुकती झाल्याशिवाय हलता येत नाही, अशी एकतर्फी रचना वारंवार दिसते. त्याहून वाईट म्हणजे 'बेंच' करणे: करार चालू, मानधन कमी, सामने नाहीत आणि दुसरीकडे जायची मुभाही नाही. वर्षभर न खेळलेल्या खेळाडूला कोणी विचारत नाही.

अल्पवयीन खेळाडूंबाबत 2019 मधील दक्षिण कोरियाचे प्रकरण जरूर वाचावे. 'कानावी' या नावाने खेळणारा सो जिन-ह्योक हा ग्रिफिन संघाचा अल्पवयीन खेळाडू चीनमधील जेडी गेमिंगकडे पाठवला गेला होता. तेथील दीर्घ मुदतीच्या करारासाठी त्याच्यावर दबाव आणला गेला, असा जाहीर आरोप संघाच्या माजी प्रशिक्षकाने केला. प्रकरण थेट राजकारण्यांपर्यंत गेले आणि त्यानंतर कोरियन शासनाने खेळाडूंसाठी प्रमाणित करारांचे नमुने तयार केले. कानावी पुढे स्वेच्छेने त्याच चिनी संघात राहिला आणि नामवंत झाला, हा भाग वेगळा.

अर्धोन्मीलित

कलम_कायदा यांचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला आहे.

एक शंका. या सर्व चर्चेत मुलगेच दिसतात. मुलींना परदेशी संघ घेतात का?

जुनाखेळ

क्वचित घेतात, आणि त्याची किंमत निराळी मोजावी लागते. दक्षिण कोरियाच्या किम से-योन, म्हणजे 'गेगुरी', यांचा ओव्हरवॉच खेळातील नेम 2016 मध्ये इतका अचूक होता की त्या फसवणूक करत असल्याचा आरोप झाला. त्यांना कॅमेऱ्यासमोर बसून, हात आणि स्क्रीन दोन्ही दिसतील अशा रीतीने खेळून दाखवावे लागले. 2018 मध्ये त्या ओव्हरवॉच लीगमधील पहिल्या महिला खेळाडू झाल्या आणि शांघाय ड्रॅगन्समध्ये दाखल झाल्या. म्हणजे कोरियन खेळाडू, चिनी संघ आणि सामने कॅलिफोर्नियात. त्या हंगामात तो संघ 40 पैकी 40 सामने हरला. तीन भाषांत पराभवाची कारणमीमांसा कशी होत असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

निनावी_कोच

मी युरोपातील एका संघात साहाय्यक प्रशिक्षक आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू लिहितो. पाचवा_खेळाडू यांच्या दिनक्रमाशी पूर्ण सहमत; आमच्याकडे सुटीचा दिवस पाळला जातो, एवढाच फरक.

परदेशी खेळाडू घेताना संघ काय पाहतो, हे पालकांना माहीत नसते. अनेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मर्यादित असतात. 'लीग ऑफ लेजंड्स'मध्ये 2014 च्या हंगामानंतर कोरियन खेळाडू मोठ्या संख्येने चीनला गेले. त्याच सुमारास पाचांपैकी किमान तीन खेळाडू संघ ज्या विभागात खेळतो त्याच विभागाचे रहिवासी असावेत, असा नियम आला. याचा अर्थ असा की परदेशी खेळाडू स्थानिकाच्या बरोबरीचा असून भागत नाही. तो स्पष्टपणे सरस असावा लागतो, कारण त्याच्यावर जागा, व्हिसा, घर आणि भाषा असा चार प्रकारचा खर्च झालेला असतो. निकाल बिघडले की पहिली नजर त्याच्याकडेच जाते. त्यात व्यक्तिगत आकस असतोच असे नाही. मॅनेजरच्या तक्त्यात ती सर्वांत महाग ओळ असते.

दुसरी गोष्ट अधिक स्पष्टपणे लिहितो. 'दुय्यम चमू' म्हणजे संघाच्या खर्चातील सर्वांत आधी कापली जाणारी बाब. मुख्य चमूवर प्रायोजकांचे पैसे येतात, दुय्यम चमूवर फक्त जातात. ओव्हरवॉच लीगसारखी मोठी रचना, जिने 2018 मध्ये खेळाडूंना वर्षाला किमान 50,000 डॉलर, आरोग्य विमा आणि निवृत्तिनिधी देऊ केला होता, तीही 2023 च्या हंगामानंतर गुंडाळली गेली. दुय्यम चमू बंद होण्यास एक वाईट तिमाही पुरते. म्हणून रेवती_क यांनी संघाला विचारावे की हा चमू किती हंगाम चालू आहे आणि त्यातून आजवर किती जण मुख्य चमूत गेले. उत्तर आकड्यांत न मिळता 'आम्ही तरुणांवर विश्वास ठेवतो' अशा थाटात मिळाले, तर तेही उत्तरच समजावे.

मनगट_वैद्य

मी भौतिकोपचार करते आणि माझ्याकडे काही गेमर येतात. 2015 मध्ये अमेरिकेतील हाई लॅम हा नामांकित कर्णधार मनगटाच्या दुखापतीमुळे स्पर्धेतून बाजूला झाला. चीनचा 'उझी' 2020 मध्ये, वयाच्या अवघ्या 23 व्या वर्षी, टाइप 2 मधुमेह आणि हाताच्या तक्रारी यांमुळे निवृत्त झाला. नंतर तो परतला, पण पूर्वीचा जोर दिसला नाही.

मनगट एका दिवसात जात नाही. आधी करंगळीकडच्या बाजूला मुंग्या येतात, मग सकाळी मूठ घट्ट वळत नाही, मग माउस पकडताना अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. यातील पहिल्या टप्प्यावर विश्रांती आणि व्यायाम यांनी बरेच सावरते. परंतु चाचणीवर असलेला, परक्या देशातला मुलगा पहिल्या टप्प्यावर तोंड उघडत नाही, कारण त्याच्या जागेसाठी राखीव खेळाडू मागे उभा असतो. मला तिसऱ्या टप्प्यावरचेच रुग्ण दिसतात. तेव्हा करारात वैद्यकीय विमा आहे का, दुखापतीच्या काळात मानधन चालू राहते का आणि दुखापत हे करार मोडण्याचे कारण ठरू शकते का, हे पाहावे. टेबल-खुर्चीची उंची खेळाडूप्रमाणे बदलता येते का, हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, तरीही विचारावा.

तर्कट

जुनाखेळ यांचा मालकीचा मुद्दा मान्य. तो फरक खरा आहे. परंतु धाग्याचा सूर आता 'जाऊच नये' याकडे झुकला आहे आणि त्याला माझी हरकत आहे. कॅनडाचा गियोम पात्री कोरियात जाऊन राहिला आणि 2000 साली तेथील सर्वोच्च स्टारक्राफ्ट स्पर्धा जिंकला. ब्राझीलच्या काउंटर-स्ट्राइक खेळाडूंनी अमेरिकेत मुक्काम ठोकला आणि 2016 मध्ये एकाच वर्षात दोन मेजर, म्हणजे त्या खेळातील सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकल्या. घरी बसून ते घडले नसते. शिवाय व्हिसा, करार आणि मनगट यांची भीती घालून आपण 17 वर्षांच्या मुलाला नेमके काय करायला सांगत आहोत? वीस वर्षांचा होऊन यायला? या खेळात तोवर तो ज्येष्ठ नागरिक झालेला असेल.

जुनाखेळ

तर्कट यांचे हे म्हणणे मात्र वजनदार आहे. तरी ब्राझीलच्या उदाहरणात एक बारकावा आहे: ते पाच जण एकमेकांची भाषा बोलणारे, एकत्र गेलेले होते. पाच जणांनी मिळून परदेशात राहणे आणि पाचांतला परका म्हणून एकट्याने राहणे, या दोन निरनिराळ्या नोकऱ्या आहेत. उलट बाजूचेही उदाहरण आहे. फिनलंडचा 'सेराल' 2018 मध्ये स्टारक्राफ्ट 2 ची जागतिक अंतिम स्पर्धा जिंकणारा पहिला बिगर-कोरियन ठरला, तो कोरियात स्थायिक न होता. पण तो एकट्याने खेळायचा खेळ आहे. संघाच्या खेळात ही सवलत नाही.

वयाचा विषय निघालाच आहे, तर एक किस्सा. कोरियात 2011 पासून काही वर्षे 16 वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन खेळण्यास कायद्याने बंदी होती. 2012 मध्ये 'लाइफ' नावाने खेळणारा पंधरा वर्षांचा व्यावसायिक खेळाडू एका फ्रेंच स्पर्धेचा ऑनलाइन सामना खेळत असताना बारा वाजले आणि व्यवस्थेने त्याला ऐन सामन्यात अडवले. फ्रान्समध्ये तेव्हा लख्ख दिवस होता.

पिंगबहाद्दर

म्हणजे जगातील सर्वोत्तम खेळाडूलाही 'आता झोप' असे सांगणारे कोणीतरी असतेच. आमच्या आईला कायद्याचा आधार लागला नव्हता.

रेवती_क

सर्वांचे प्रतिसाद बहीण आणि भावोजी यांना मोठ्याने वाचून दाखवले. भाचा दाराशी उभा राहून ऐकत होता. पाचवा_खेळाडू यांचा डिस्कॉर्डचा परिच्छेद आला तेव्हा तो म्हणाला, "हो, असंच करतात." त्याला हे ठाऊक होते, आम्हाला नव्हते.

कलम_कायदा यांनी सांगितल्याप्रमाणे करार पुन्हा वाचला. संघाची नोंदणी एका देशात आणि घर दुसऱ्याच देशात आहे. परवान्याविषयी 'संघ योग्य ते साहाय्य करील' एवढेच वाक्य आहे. संघाला 30 दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येतो, भाच्याला येत नाही. बायआउटची रक्कम लिहिलेली नाही. ती 'संघ ठरवील' असे आहे. बक्षिसातील वाटा 'कर व खर्च वजा जाता' आहे आणि खर्च म्हणजे कोणता ते दिलेले नाही. विम्याचा उल्लेख नाही. मनगट_वैद्य यांचा खुर्चीचा प्रश्न मात्र भाच्याने स्वतः संघाला विचारला आणि त्यावर सविस्तर, छायाचित्रासह उत्तर आले.

आता यांतील कशावर अडून बसावे आणि काय सोडून द्यावे? सगळेच बदलायला सांगितले तर ते दुसऱ्या मुलाला बोलावतील, अशी बहिणीला भीती आहे.

कलम_कायदा

भीती रास्त आहे, त्यामुळे क्रम लावून देतो. परवान्याचे वाक्य तसेच राहिले तर सही करू नये. तेथे तडजोड नाही. अर्जाचा वर्ग, खर्च कोणाचा, आणि परवाना हाती येईपर्यंत प्रवास होणार नाही, हे स्पष्ट लिहून घ्यावे. त्यानंतर बायआउट: 'संघ ठरवील' याऐवजी एक निश्चित आकडा मागावा, तो मोठा असला तरी चालेल, कारण मोठ्या आकड्यावर घासाघीस करता येते. सलग काही महिने सामन्यात उतरवले नाही, तर खेळाडूला बायआउटशिवाय मोकळे व्हावे, असे एक कलमही घालावे. संघाने करार संपवल्यास परतीचे तिकीट आणि नोटिशीच्या काळातील निवास संघाकडे असावा. हे बहुतेक संघ कुरकुर न करता मान्य करतात.

बक्षिसातील वाट्यासाठी फार ताणू नये, कारण दुय्यम चमूला मोठी बक्षिसे मिळण्याची शक्यता थोडी. खर्चाची व्याख्या तेवढी मागावी. करही लक्षात ठेवावा: अमेरिकेतील स्पर्धेत परदेशी खेळाडूचे बक्षीस सामान्यतः 30 टक्के कापूनच हातात पडते आणि ही कपात देशादेशांतील करारांनुसार कमी होते किंवा होत नाही. मुलगा अल्पवयीन असल्याने सही पालकांची असेल. ती देण्यापूर्वी, घर ज्या देशात आहे तेथील वकिलाला एकदा करार दाखवावा. त्याचे शुल्क टोचेल, पण तो खर्च करावा.

निनावी_कोच

माझ्या अनुभवात, मुद्देसूद दोन-तीन बदल मागणाऱ्या घरच्यांमुळे कोणीही खेळाडू हातचा घालवलेला नाही. ज्या संघाला त्याचा राग येतो, तो संघ मानधनाच्या तारखेलाही असाच वागतो.

पाचवा_खेळाडू

कागदाबाहेरचे एक काम राहिले आहे आणि ते भाचाच करू शकेल. गेल्या दोन हंगामांत त्या चमूतून बाहेर पडलेल्या खेळाडूंची नावे उघड असतात. लिक्विपीडिया या ईस्पोर्ट्सच्या ऑनलाइन माहितीकोशात प्रत्येक संघाच्या पानावर आजी-माजी खेळाडू तारखांसह नोंदलेले असतात. त्यांतील परदेशी खेळाडू निवडून त्यांना थेट संदेश पाठवावा. तीनच गोष्टी विचाराव्यात: मानधन वेळेवर मिळत होते का, काढल्याचे कोणी आणि कसे सांगितले, आणि शेवटच्या बक्षिसाचे पैसे अखेर हातात पडले का. चालू खेळाडूंना विचारू नये. ते मॅनेजरसमोर बसून उत्तर लिहितात.

रेवती_क

भाच्याने चौघांना लिहिले होते, दोघांची उत्तरे आली. एकाने लिहिले की मानधन दर महिन्याला ठरल्या तारखेला मिळाले आणि काढताना मॅनेजर समोर बसून बोलला. दुसऱ्याला शेवटच्या स्पर्धेचे पैसे अद्याप मिळालेले नाहीत, परंतु ते आयोजकांकडे अडकले आहेत की संघाकडे, हे त्याला कळू शकलेले नाही.

परवाना, बायआउट आणि न खेळवल्यास मोकळीक या तीन बदलांची मागणी भावोजींनी काल संघाला पाठवली आहे. ईमेल त्यांनी स्वतः लिहिला, हीच आमच्या घरातील मोठी घडामोड आहे. त्या दुसऱ्या खेळाडूचे पैसे कोठे अडकले, हेही त्यांनी त्याच ईमेलमध्ये विचारले आहे. ते विचारू नये असे बहीण म्हणत होती.

तर्कट

विचारले ते योग्यच केले. आणि भाच्याला सांगा, उत्तर येईपर्यंत क्रमवारी घसरू देऊ नकोस.